कॉड, हॅडक की सेथ?
आज नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या धक्क्यावर शेजारच्या आजोबांनी मासे ओळखायला शिकवलं. कॉड, हॅडक, सेथ, तिघांच्याही पाठीवर तीन-तीन पर, त्यामुळे पर मोजून उपयोग नाही. बघायची ती कुशीवरची रेघ. कॉडची फिकट आणि पुढे वर वळलेली, सेथची फिकट पण सरळ, हॅडकची चक्क काळी! शिवाय हॅडकच्या खांद्यापाशी बोट टेकवल्यासारखा काळा डाग. कॉडच्या हनुवटीला एक मिशी लोंबते (हो, हनुवटीलाच).
मग टोपलीतून वुल्फफिश निघाला. दात बघून मी हात मागेच घेतला. खेकडे, शिंपले, काटेरी सी-अर्चिन, सगळं कवचासकट फोडून खातो हा.
मालवणला आईला फोटो पाठवले. तिचा एकच प्रश्न, "ह्यातलो तिकल्याक खयचो बरो?"
सेथ सांगितलाय. मांस घट्ट असतं, रश्श्यात टिकेल.