बॉस्टनची क्लॅरिनेट, उद्यमनगरचं बॅरल

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या काकांकडची मेटल क्लॅरिनेट शेवटी आली घरी, साडेचार हजारात. काकांनी बँडात तीस वर्षं वाजवली, आता दात गेल्यामुळं फुंकता येत नाही. द्यायलाच तयार नव्हते. "वाजवणार असशील तर ने, शोकेसात ठेवायला देत न्हाई" म्हणाले.

बेलवर (खालच्या भोंग्यावर) सिल्व्हा-बेट कोरलंय, म्हणजे बॉस्टनच्या कंडी-बेटनीची. 1920-30 च्या काळात अमेरिकेत शाळांच्या बँडसाठी असल्या क्लॅरिनेट भरपूर बनल्या. नावात सिल्व्हा असलं तरी बॉडी चांदीची नाही हं, जर्मन सिल्व्हर आहे, तांबं निकेल आणि जस्त, वरनं मुलामा. चांदीच्या भावानं कुणी मागितली तर सरळ उठून यायचं. पैसे द्यायच्या आधी मी दोनच गोष्टी बघितल्या, एक म्हणजे 17 किल्ल्या आणि 6 रिंगा, म्हणजे बोहम सिस्टिम (आज सर्रास चालणारी किल्ल्यांची रचना), आणि दुसरं एलपी (लो पिच) हा शिक्का. एचपी (हाय पिच) असती तर घेतलीच नसती, ती चढ्या पट्टीची असते, आजच्या 440 पट्टीच्या पेटीबरोबर जन्मात जुळायची नाही.

खरी अडचण बॅरलची, म्हणजे तोंडात धरायचा भाग आणि बॉडी यांच्यामधल्या छोट्या नळीची. मूळचं कधीच हरवलंय आणि काकांनी लाकडी क्लॅरिनेटचं बॅरल दोरा गुंडाळून बसवलेलं. लाकडी बॅरलचं भोक जाड टेननसाठी (सांध्यात बसणाऱ्या टोकासाठी) असतं आणि इथं बॉडी म्हणजे पातळ नळी, त्यामुळं मधे पोकळी राहते आणि वरचे जी, ए सगळे फाटके येतात. एक जुनं बॅरल ऑनलाइन मागवलं, ते दुसऱ्याच कंपनीचं निघालं, बसलंच नाही, 900 रुपये गेले. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, त्यामुळं बॅरल नसलेली क्लॅरिनेट घेणार असाल तर किंमत तशीच पाडून मागा.

मग गेलो उद्यमनगरात, ओळखीच्या लेथवर. मामा म्हणाले, "एवढ्या नळीला काय बघायचं, धा मिन्टात देतो", पण बॉडीचं तोंड व्हर्नियरनं तीन बाजूंनी मोजल्यावर त्यांनाच कळलं की ते जरा अंडाकृती झालंय. आधी ते लाकडी दांड्यावर हळूहळू गोल केलं, मग पितळेत बॅरल काढलं. लांबी मुद्दाम 68 मिमी ठेवली. घरी पाच मिनिटं फुंकून गरम केली (धातू थंड असताना ट्यूनर बघूच नका), तर उघडा जी (सगळी बोटं उचलल्यावरचा सूर) 20 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा भाग, खाली. एक एक मिमी घासत 65 वर आलो आणि सुई मधे उभी राहिली. उघड्या जीला वाजणारी नळी बरीच आखूड असते ना, म्हणून एका मिमीनं तिथं खूप फरक पडतो, खालच्या सुरांना तेवढा नाही. त्या रात्री अकरापर्यंत वाजवत बसलो, आवाज असला गोल आणि मोकळा की नाद खुळा!

रजिस्टर कीचा (वरच्या सुरांच्या किल्लीचा) एक पोस्ट, म्हणजे किल्ली धरणारा खांब, सुटलेला, तो हुपरीच्या एका चांदी कारागिराकडं नेला. तो चांदीचा डाग द्यायला निघालेला, मी हात धरला, कारण तेवढ्या आचेवर शेजारचे कथलावर बसवलेले पोस्टपण गळून पडले असते. मग शेजारी ओली चिंधी गुंडाळून बारीक ज्योतीवर कथलानंच बसवला, आणि काय सफाईनं बसवलाय, सांधा नखाला लागत नाही.

पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) सगळे नवीन, चपड्यावर बसवलेत. सिगारेटच्या कागदाची पट्टी घालून एकेक ओढून बघितलं, जी शार्पचा अजून एका बाजूनं सुटतोय, तो या रविवारी परत गरम करून बसवणार. आणि कुणाकडं सिल्व्हा-बेटचं मूळ बॅरल असलं तर विकू नका हवं तर, फक्त लांबी आणि दोन्ही तोंडांची आतली मापं कळवा, मला माझ्या 65 शी ताडून बघायचंय.