प्रोजेक्टर, मल्टिमीटर आणि आत्याचं लग्न

मंगळवार, रात्री

दिवसभर पाऊस. बेळगावच्या टिळकवाडीतल्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना थोरल्या काकांचा प्रोजेक्टर खाली आला. काका जहाजावर नोकरीला होते, तेव्हा कुठल्याशा बंदरात घेतलेला. ऑस्ट्रियन बनावट, 8 मिमी फिल्मचा, गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवलेला. सोबत बिस्किटांच्या डब्यात रिळं.

बटण फिरवलं. काहीच नाही. दिवा नाही, मोटर नाही, साधी घरघरसुद्धा नाही. धाकट्या चुलतभावानं उभ्याउभ्याच निदान केलं, "दादा, बल्ब गेलाय. ऑनलाइन मागवूया की."

बल्ब गेला असता तर मोटर फिरली असती. मोटर अडकली असती तर बल्ब लागला असता, निदान ट्रान्सफॉर्मर गुणगुणला असता. दोन्ही एकदम गप्प, म्हणजे बिघाड दोघांच्या वाटा फुटायच्या आधी कुठेतरी आहे : प्लग, वायर, फ्यूज, व्होल्टेज निवडायचा फिरता चकता, स्विच, नाहीतर ट्रान्सफॉर्मरची मेनकडची गुंडाळी. पार मेलेलं यंत्र मला परवडतं. अर्धवट चालणारं जास्त छळतं, कारण त्यात प्रत्येक भाग आपण निर्दोष असल्याचं सोंग घेतो.

सॉकेटला इस्त्री लावून बघितली, तापली. पुढचं उद्या. दमट हवेत आणि झोप आलेली असताना मेनच्या वायरींत हात घालायचा नाही.

बुधवार

प्लग भिंतीपासून लांब ठेवला आणि प्रोजेक्टरचा स्विच चालू करून मल्टिमीटर प्लगच्या दोन पिनांना लावला. ट्रान्सफॉर्मर धड असता तर काही दहांत ओहम दिसायला हवे होते. मीटर ढिम्म.

मग टप्प्याटप्प्यानं आत गेलो. पिनेपासून फ्यूजपर्यंत बीप, म्हणजे वाट जोडलेली. काचेचा फ्यूज डोळ्यांना शाबूत दिसतोच, पण टोकाची टोपी सुटलेली असली तर डोळा फसतो, म्हणून तोही मोजला. बीप. चकत्याचे पितळी ठिपके हिरवट झाले होते, ते स्पिरिटनं पुसले. चकता 220 वर होता, तो 240 वर नेला. पुरवठा नावाला 230, पण आमच्या गल्लीत रात्री उशिरा मीटर त्याच्या वरच असतो. 12 व्होल्ट, 100 वॅटचा बल्ब म्हणजे आठ अँपिअरच्या वर करंट; व्होल्टेज थोडं वर गेलं तरी त्याचं आयुष्य कमी होतं, आणि आता तो सहज मिळत नाही. उजेड किंचित मंद चालेल.

स्विचमध्येही बीप. उरला ट्रान्सफॉर्मर.

इथे खरी मजा आली. चकत्याकडे 110, 125, 150, 220, 240 अशी टोकं एकाच गुंडाळीतून निघालेली असतात. 110 ते 240 मोजलं, बीप. मधली टोकंही एकमेकांशी जोडलेली. शून्य ते 110 मात्र तुटलेलं. म्हणजे तार तुटलीय ती पहिल्याच भागात, आणि उरलेली गुंडाळी धड आहे. जळकट वास नाही, वार्निश काळं पडलेलं नाही. मग मला आठवलं, त्या काळच्या काही युरोपियन ट्रान्सफॉर्मरांत गुंडाळीच्या सुरुवातीलाच थर्मल फ्यूज दडवलेला असतो : ताणलेली पत्ती कथलानं चिकटवलेली. जास्त तापलं की कथील मऊ पडतं, पत्ती उडते, सर्किट तुटतं.

गुरुवार

ट्रान्सफॉर्मर काढून उद्यमबागेत घेऊन गेलो. मोटर रिवाइंडिंगवाले अण्णा ओळखीचे. त्यांनी नाकाशी धरून वास घेतला, मीटरकडे बघितलंही नाही. "वाइंडिंग चांगलं आहे री." ब्लेडनं वरचा तेलकट कागद सोलला, खाली ती पत्ती उघडी पडलेली. बरोब्बर.

"पत्ती वगळून डायरेक्ट मारतो. दहा मिनिटांचं काम."

"नको अण्णा. थर्मल फ्यूज घाला."

"एवढा जुना माल, कोण चालवणार रोज?"

रोज चालवणार नाही, खरंय. पण चालवीन तेव्हा समोर अंधार असेल, माणसं बसलेली असतील आणि आत एकच प्रत असलेली फिल्म असेल. डायरेक्ट या शब्दावर आपला सगळा दुरुस्तीधंदा उभा आहे आणि बऱ्याच वेळा तो निभावतोही, पण पत्ती उडाली ती काही कारणानं. ते कारण अजून पेटीतच आहे.

"हौद्री," म्हणजे होय हो, म्हणत त्यांनी टेबल फॅनमध्ये घालतात तसा 130 अंशांचा थर्मल फ्यूज काढला. डाग देताना फ्यूजच्या तारेला चिमटा धरला, नाहीतर डागाच्या उष्णतेनंच तो उडतो. असली सवय पुस्तकातून येत नाही. पैसे विचारले तर "चहा पाजा" म्हणाले. चहा पाजला, पैसेही दिले.

शनिवार

भिंतीत थेट लावला नाही. आधी 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडला, प्रोजेक्टरचा दिवा काढून ठेवला. आत शॉर्ट असता तर पिवळा बल्ब भगभगला असता. तो नुसताच लालसर राहिला, ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. मग सिरीजचा बल्ब काढून सरळ मेनवर लावला. मोटर हुंकारली, पण फिरेना.

तेच कारण. ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं. कोणीतरी शेवटचं चालवलं तेव्हा मोटर अडली असणार, करंट चढला असणार, पत्तीनं आपलं काम केलं असणार. त्या पत्तीला मी मनातून सलाम केला.

उरलेली दुपार रॉकेल आणि जुन्या टूथब्रशात गेली. चाकांचे दात धुवायचे, पुसायचे, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. पट्ट्याचा तर डांबर झाला होता. उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या ओ-रिंग मिळतात, त्यातली मापाची एक बसवली आणि ती छान बसली. परदेशातून पट्टा मागवण्याचा विचार बारगळला. मग हातानं चाक फिरवून बघितलं आणि बटण दाबलं.

टकटकटकटक. दिवाही लागला. भिंतीवर पांढरा चौकोन, कडेला एक केस थरथरतोय.

तेवढ्यात आत्याचा शहापूरहून फोन. "फिरालंय काय रे चाक?"

"फिरालंय की."

"मग माझं लग्न कधी दाखवालास? मी रविवारी येते, खव्याचा कुंदा घेऊन."

फोन ठेवला आणि डबा उघडला. काकांच्या अक्षरात चिठ्ठ्या : खानापूरची शेतं, शिवजयंती, ताईचं लग्न. शिवजयंतीच्या रिळाकडून फारशी आशा नाही. आमच्याकडची मिरवणूक वैशाखातली आणि चित्ररथ निघतात ते रात्री. तेव्हाची कोडाक्रोम 2 फिल्म फक्त 25 एएसएची, म्हणजे तिला भरपूर उजेड लागायचा; तिच्यावर गॅसबत्तीपुरते ठिपके उमटले असतील तर उमटले. एका रिळाला व्हिनेगरचा वास येतोय, ते वेगळ्या डब्यात काढलं. फिल्म सडायला लागली की तो वास येतो आणि शेजारच्या रिळांनाही लागतो.

शेतांच्या रिळाची भोकं मोठी, चौकटींमधल्या रेघेपाशी. साधी 8 मिमी, कोडॅकनं 1932 मध्ये आणलेली. हिच्याचसाठी आपला प्रोजेक्टर. लग्नाच्या रिळाचं मधलं भोक मात्र रुंद, फिल्मची भोकं बारीक आणि चौकटीच्या मध्यावर. सुपर 8. ही 1965 नंतरची, तिला ओढणारे दात वेगळे, फिल्म दिव्यासमोरून सरकते ते गेट वेगळं.

"घालून तर बघूया, 8 ते 8," चुलतभाऊ म्हणाला. पहिल्या फुटातच भोकं फाटली असती. रीळ त्याच्या हातातून घेऊन मी कपाटात ठेवलं.

रविवारी आत्याला शेतं दाखवायची. लग्नाचं कुंदा संपल्यावर सांगेन.