साडेचार टक्के घट

हंगामात घेतलेला कापूस ४०,००० क्विंटल. त्यातून निघालेली रुई, सरकी आणि कचरा मिळून ३८,२१४ क्विंटल. मधले १,७८६ क्विंटल गेले कुठे? राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्याच्या, मालकांनी हा प्रश्न एका सल्लागार कंपनीपुढे ठेवला होता आणि एमबीएच्या पहिल्या वर्षानंतरची माझी उन्हाळी इंटर्नशिप त्याच कंपनीत होती. मी तिथे पोचण्याआधीच कच्चा अहवाल तयार होता. त्यात दोन कारणं लिहिलेली होती: घासलेले रोलर आणि रात्रपाळीतले मजूर. पहिल्यावर उपाय म्हणून नवी यंत्रं, दुसऱ्यावर कॅमेरे आणि ठेकेदार बदलणं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसांच्या पोटावर येणारं दुसरं वाक्य, माल एकदाही तोलून न बघता लिहिलेलं होतं.

आधी एककांचा गोंधळ सोडवावा लागला. कापूस आणि सरकीचा भाव क्विंटलवर, रुईचा खंडीवर म्हणजे ३५५.६२ किलोवर, आणि साठा गठाणींत. कंपनीच्या एक्सेलमध्ये गठाणींची संख्या गुणिले १७० किलो असं सरळ धरलं होतं. प्रेसवरच्या वजनाच्या चिठ्ठ्या काढल्या तर गठाण १६२ पासून १७४ किलोपर्यंत आणि सरासरी १६७.५. सुमारे ८,००० गठाणींवर अडीच किलोचा फरक म्हणजे २०० क्विंटल. कच्च्या अहवालात घट ४ टक्के होती, खरी वजनं भरल्यावर ती साडेचारच्या जवळ गेली. वर दिलेले आकडे या दुरुस्तीनंतरचे आहेत. प्रश्न सुटायच्या ऐवजी मोठा झाला, पण आता निदान तो खरा होता.

मग एका गंजीची, म्हणजे कापसाच्या एका ढिगाची, स्वतंत्र चाचणी घ्यायचं ठरलं. मे महिना होता, हंगाम संपत आलेला, भावाची वाट बघून ठेवलेला शेवटचा कापूस येत होता. दुपारी हवा इतकी कोरडी होते की रुई अंगाला चिकटते आणि तिच्यातला ओलावा भराभर उतरतो, म्हणून काम पहाटे सुरू केलं.

चाचणीच्या आधीची तयारी हाच चाचणीचा अर्धा भाग असतो. सक्शन पाइप, प्री-क्लीनर, जिनांचे हॉपर, सरकीचा कन्व्हेअर, रुईची खोली, सगळं रिकामं होईपर्यंत लाइन नुसती चालवली. नाहीतर आदल्या लॉटची रुई या लॉटच्या खात्यात जमा होते आणि हिशेब जुळल्यासारखा दिसतो. जिनांखालची आणि प्रेससमोरची फरशी झाडून घेतली. कचरा साठायच्या जागी रिकामी पोती लावली.

पुढे वजनकाटा. ६० टनी काटा, १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवणारा. भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली आधी मधोमध, मग दोन्ही टोकांना उभा करून पाहिला. फाटकाकडच्या टोकाला २० किलो कमी आले. प्लॅटफॉर्म आणि चौकटीच्या फटीत काळी माती आणि बारीक गोटे अडकून बसले होते, त्यामुळे थोडा भार चौकटच पेलत होती. फट साफ केली, तिन्ही जागी आकडा सारखा आला. कमी दाखवणारा काटा शेतकऱ्याचं नुकसान करतो आणि कागदावर घट झाकतो, म्हणजे घट शोधायला निघालेल्याने तो दुरुस्त केला की घट आणखी वाढते. तरी तो दुरुस्त व्हायलाच पाहिजे. लहान गाड्यांचा प्रश्न वेगळा. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, आठ-दहा क्विंटल माल असतो, भरलेलं आणि रिकामं अशी दोन वजनं प्रत्येकी पाच किलोपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणजे एका बंडीमागे सव्वा टक्क्यापर्यंत चूक. हंगामभरात ती दोन्ही बाजूंनी होऊन मिटते, पण ज्याची एकच बंडी आहे त्याची मिटत नाही.

ओलावा मोजायला कपाचं मीटर होतं. नमुना गंजीच्या वरून घेऊन चालत नाही, वरचा थर वाळलेला असतो. हात खांद्यापर्यंत आत घालून तीन खोलींवरचा कापूस घेतला. कपात दर वेळी तेवढाच कापूस, तेवढाच दाब. जास्त दाबून भरला की आकडा चढतो आणि घामेजल्या हाताने भरला तरी चढतो. सरासरी आली ७.५ टक्के.

मग १२,००० किलो कापूस चालवला. संध्याकाळी वजनं अशी होती: २४ गठाणी मिळून ४,०८६ किलो, प्रेसपाशी उरलेली सुटी रुई २२ किलो, सरकी ७,५३० किलो, आणि कवडी (किडकी, नीट न उमललेली बोंडं), पाला, माती मिळून कचरा १४२ किलो. बेरीज ११,७८०. घट २२० किलो, म्हणजे १.८३ टक्के. रुईचा उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून निघालेली रुई, ३४.२.

आता ही २२० किलो कुठे गेली? कापसात ७.५ टक्के पाणी होतं म्हणजे कोरडा माल ११,१०० किलो. बाहेर पडलेल्या रुईचा आणि सरकीचा ओलावा सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास होता. ११,१०० ला ०.९४ ने भागलं की ११,८०९ येतात. म्हणजे १९१ किलो नुसतं पाणी, जे मेच्या हवेने ओढून घेतलं. उरलेले २९ किलो सायक्लोनमधून, म्हणजे हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या नळकांड्यातून, उडालेली धूळ आणि बारीक तंतू. त्या दिवशी तिथे चोरीला जायला काही शिल्लक राहत नव्हतं.

रोलरचा मुद्दा डबल रोलर जिनवर आयुष्य घालवलेल्या फिटरने एका वाक्यात निकाली काढला. "ताई, रोलर घासला तं रुई सरकीत जाईन. वजन कुठी जाईन?" अगदी बरोबर. रोलरवरच्या खाचा बुजल्या की पकड सुटते, सरकीवर रुई राहते, ताशी उत्पादन पडतं. खालच्या जाळीच्या फटी रुंद झाल्या तर सरकी न काढलेला कापूसच सरकीबरोबर खाली जातो. सुरीचं सेटिंग चुकलं तर सरकी फुटून तिचे तुकडे रुईत येतात. या सगळ्यांत मालकाचे पैसे जातात, कारण रुईच्या भावाचा माल सरकीच्या भावाने विकला जातो. समजा रुई खंडीला ५४,००० रुपये आहे, म्हणजे किलोला साधारण १५२, आणि सरकी किलोला ३४. एक टक्का रुई सरकीत गेली की क्विंटलमागे ११८ रुपये गेले. पण रुई, सरकी आणि कचऱ्याची बेरीज तेवढीच राहते. यंत्राचा दोष उताऱ्यात दिसतो, घटीत दिसत नाही. कच्च्या अहवालाने या दोन गोष्टी एकाच रकान्यात टाकल्या होत्या आणि नव्या यंत्रांची शिफारस त्याच रकान्यावर उभी होती.

तरी साडेचार टक्के शिल्लकच होते. मेमध्ये १.८३ घट असलेल्या जागी हंगामाची सरासरी एवढी कशी?

उत्तर जिनिंगचा हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजींच्या वहीत मिळालं. संगणकात खरेदी रोजची होती, गठाणी रोजच्या होत्या, पण सरकी विकली जाईल तेव्हाच तोलली जायची, त्यामुळे महिन्याची घट कधी निघतच नसे. दिवाणजी मात्र प्रत्येक गंजीला नंबर देऊन ती कधी लागली, कधी चालवली आणि तिची सरकी कोणत्या ढिगात पडली ते पेन्सिलने लिहून ठेवत होते. त्या वहीवरून महिनेवार मांडणी केली. नोव्हेंबरच्या ९,००० क्विंटलवर ७.४ टक्के, डिसेंबरच्या ११,००० वर ५.१, जानेवारीच्या ८,००० वर ३.६, फेब्रुवारीत २.६, मार्चमध्ये २.१, एप्रिलमध्ये १.९. मजूर तेच, ठेकेदार तोच, रात्रपाळी सारखीच. शिवाय चोरी असती तर ती मार्च-एप्रिलमध्ये आपोआप थांबली नसती.

पहिल्या वेच्याचा कापूस दव असताना वेचला जातो आणि दोन-चार दिवसांत बाजारात येतो. घरात पैसा लागतो, सावकार नाहीतर कृषी केंद्राची उधारी उभी असते, वाळवत बसायला सवड नसते. चौदा टक्के ओलाव्याचा १०० किलो कापूस सात टक्क्यांवर उतरला की ९२.५ किलो राहतो. बारा टक्क्यांचा ९४.६, दहाचा ९६.८, आठचा ९८.९. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे आकडे याच ओळीत बसतात. जानेवारीत थोडं जास्त निघालं, त्याला मी कचरा नीट न तोलल्याचं कारण देते, कारण त्या महिन्यात कवडी परस्पर दिल्याच्या नोंदी वहीत आहेत, वजनं नाहीत.

म्हणजे मालकाचं नुकसान झालं का? काही अंशी झालं, आणि काही शेतकऱ्यांचंही. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव धरते, त्यापुढे १२ पर्यंत प्रमाणात कपात करते, १२ च्या वरचा माल घेत नाही. या जिनिंगमध्ये मात्र ओलावा मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या मुठीने ठरत होता. नोव्हेंबरच्या पावत्या गावानुसार लावल्या तर एकाच गावच्या, एकाच दिवशी आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला क्विंटलमागे १५० रुपये कमी आणि दुसरीला ४००. कदाचित दुसरीचा माल खरंच ओला असेल. पण कोणत्याही पावतीवर ओलाव्याचा आकडा नव्हता, त्यामुळे ना मालकाला ते सिद्ध करता येत होतं, ना शेतकऱ्याला विचारता येत होतं. माझ्या मते त्या अख्ख्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि मूळ प्रश्नात ती कुठेच नव्हती.

वरिष्ठांनी आधी कुरकुर केली. यंत्रांची शिफारस गेली की अहवाल हलका होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनेवार घटीचा आलेख आणि चाचणीचा वजनपट शेजारी शेजारी ठेवल्यावर मजुरांबद्दलचं वाक्य निघालं. रोलरच्या खाचा नव्याने पाडणं आणि जाळ्या बदलणं एवढं उताऱ्याच्या स्वतंत्र पानावर गेलं. घटीच्या पानावर चार गोष्टी राहिल्या: फाटकावर मीटर आणि गाडीमागे तीन नमुने, तिन्ही आकडे आणि कपात पावतीच्या दोन्ही प्रतींवर, सरकी रोजच्या रोज तोलणं, आणि प्रत्येक गंजीचं अपेक्षित वजन आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या ओलाव्यावरून काढून मगच घट मोजणं. अपेक्षितापेक्षा अर्ध्या टक्क्याहून जास्त कमी भरलं तरच शोध घ्यायचा.

ओलाव्यानुसार १०० किलोचे किती राहतात, त्याचा मराठी तक्ता काट्याच्या खोलीत शेतकऱ्याला दिसेल असा लावला. त्यात एक उणीव आहे. मीटर मुख्यतः रुईचा ओलावा वाचतं, आणि ताज्या कापसात सरकीच्या आत त्याहून जास्त पाणी असतं, म्हणून नोव्हेंबरची खरी घट तक्त्यापेक्षा थोडी जास्त भरू शकते. पहिल्या वेच्याची एक गंजी याच पद्धतीने तोलून, सरकीचा ओलावा वेगळा वाळवून मोजून, तक्त्याच्या वरच्या दोन ओळी दुरुस्त करायच्या आहेत. ते काम दिवाणजी आणि फिटर यांच्याकडे दिलं आहे, वजनं कोणत्या क्रमाने घ्यायची तो कागद वहीतच चिकटवला आहे.