तुम्ही विचारलंत म्हणून: चौघांसाठी स्वस्तातला टेंट

दिवाळी झाली की सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मुलीच्या शाळेच्या गेटवर, एकदा तर मंडईत मेथीची जुडी हातात असताना, मला हा प्रश्न येतो: "अहो, तुम्ही मुलांना घेऊन टेंटमध्ये राहता ना? आम्हालाही जायचंय. चौघांसाठी स्वस्तातला कुठला घ्यावा?" तिथल्या तिथे मी काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज बसून लिहितेय.

सगळे पहिल्यांदा पावसाचं विचारतात. वॉटरप्रूफ आहे ना? पण आपण पुण्याची माणसं मुलाबाळांना घेऊन टेंटमध्ये राहायला जातो कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पवना, पानशेत, मुळशी, असंच कुठेतरी धरणाच्या आसपास. तेव्हा पाऊस सहसा नसतो, दव असतं. आणि टेंटच्या आतलं पाणी तर आपणच पुरवतो, श्वासातून.

आमचा पहिला टेंट दीड हजारांचा होता. एकाच कापडाचा. जानेवारीत पवनेच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात लावला होता, समोर तिकोना. पहाटे साडेचारला धाकटी म्हणाली, "आई, वरून पाणी पडतंय." बाहेर डोकावले तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं. टॉर्च वर मारला. छताला आतल्या बाजूने थेंबच थेंब लटकत होते. बोट लावलं तर एक ओघळ सरळ मनगटापर्यंत आला. तिच्या स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक कापडाला टेकलं होतं, ते पार भिजलेलं. तिचे गार पडलेले पाय पोटाशी धरून मी उजाडेपर्यंत बसून होते.

त्या रात्रीनंतर मी हे समजून घेतलं. निरभ्र रात्री उघड्यावरचं कापड आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. चार माणसांच्या श्वासातली वाफ त्याला लागली की तिचं पाणी होतं. टेंट एकाच कापडाचा असेल तर ते पाणी तुमच्या अंगावर. दोन थरांचा असेल तर वाफ आतल्या विरळ कापडातून किंवा जाळीतून बाहेर जाते, थेंब बाहेरच्या कापडाला धरतात आणि ओघळून जमिनीवर उतरतात. तेव्हा पैसे कुठे वाचवायचे ते वाचवा, पण टेंट दोन थरांचाच घ्या. दोन्ही थर एकमेकांना टेकता कामा नयेत, म्हणून बाहेरच्या कापडाच्या दोऱ्या ताणून बांधायच्या. वरची हवेची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करायची नाही. सगळे ती बंद करतात आणि सकाळी टेंट गळतो म्हणून दुकानदाराला बोल लावतात. शक्य असेल तर झाडाखाली लावा, तिथे दव कमी पडतं. फक्त वर वाळकी फांदी नाही ना, ते आधी बघा.

आता आकडे. लेबलवर 1500 मिमी, 2000 मिमी असं लिहिलेलं असतं. 1500 म्हणजे त्या कापडावर दीड मीटर उंचीचं पाणी उभं केलं तरी ते झिरपू न देण्याची ताकद. वरच्या कापडाला हिवाळ्यात एवढं भरपूर झालं. तळाला जास्त हवं, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा तिथे दाब कितीतरी वाढतो. आकड्याइतकीच शिवणही बघा. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच.

"चार जणांचा" म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून. दोन मोठी आणि दोन लहान मुलं असतील तर जमतं. मुलं दहा-बारा वर्षांची झाली की पाच-सहा जणांचाच बघा. आणि उंची! सासूबाई आमच्याबरोबर आल्या तेव्हा मला हे कळलं. त्यांचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि बुटक्या टेंटमधून रांगत बाहेर यायचं. पहिल्या वेळी त्यांनी मला हाक मारली, दुसऱ्या वेळी संकोचाने मारलीच नाही. घरातलं वयस्कर माणूस येणार असेल तर उभं राहता येईल असा, निदान कमरेत वाकून निघता येईल असा टेंट घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

काठ्या स्वस्तात फायबरग्लासच्याच मिळतात. चालतात. फक्त चिरफळी निघाली तर हाताला कुसळ लागतं, म्हणून चिकटपट्टी जवळ ठेवा. बरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या मात्र आपल्या मुरमात पहिल्याच ठोक्याला वाकतात. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन आठ इंची लोखंडी खिळे, नायलॉनची दोरी आणि ताडपत्री घ्या. ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा थोडी लहानच कापायची. बाहेर राहिली तर ओघळलेलं दव तिच्यावर साचून खाली शिरतं. आत योगा मॅट आणि त्यावर घरातली जाड गोधडी. थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते, हे मुलांना पांघरुणावर पांघरूण घालणाऱ्या आयांनी लक्षात ठेवावं.

टेंट आणला की आधी सोसायटीच्या बागेत उभा करा. माळीकाकांकडून पाइप घेऊन दहा मिनिटं पाणी मारा, मग आत जाऊन कोपरे चाचपा. गळत असेल तर बिल दाखवून बदलून मागता येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. टेंटच्या आत शेगडी, निखारे, मेणबत्ती काही नको. बंद जागेतल्या निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळतही नाही. आणि जुलैत ताम्हिणीला स्वस्तातला टेंट घेऊन मुलांना नेऊ नका. तिथल्या पावसापुढे तो टिकत नाही.

एकदाच जायचं असेल तर विकत घेऊच नका. ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे पुण्यात आहेत. आमचा दुसरा टेंट साडेपाच हजारांचा, दोन थरांचा, पाच जणांचा आहे. चार हिवाळे झाले, अजून ठणठणीत आहे, कारण परत आल्यावर तो गॅलरीतल्या दोरीवर दोन दिवस पूर्ण वाळतो. ओला गुंडाळला तर कापडाचा लेप चिकट होऊन सुटायला लागतो. तुमचं ठरत नसेल तर एका शनिवार-रविवारसाठी आमचाच घेऊन जा. खिळे पिशवीत आहेत, मोजून बारा. परत देताना फक्त वाळवून द्या.