नलारबॉरची रेल्वे: रूळ टाकणं सोपं, पाणी अवघड

17 ऑक्टोबर 1917 रोजी ऑस्ट्रेलियात ऊल्डीजवळ पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले आणि पोर्ट ऑगस्टा ते कालगुर्ली हा सुमारे 1,690 किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. 1912 मध्ये सुरू झालेलं काम महायुद्धामुळे रखडत गेलं होतं. कौतुक होतं ते 478 किलोमीटरच्या बिनवळणी सरळ पट्ट्याचं. त्यात फारसं कसब नाही, नलारबॉरचं पठारच तसं सपाट. घाम फोडला तो पाण्याने.

या अख्ख्या मार्गावर बारमाही गोड्या पाण्याचा एकही प्रवाह ओलांडावा लागत नाही. चुनखडीत पाऊस मुरून जातो, म्हणून बोअर घ्यायचे, आणि बोअरला लागतं ते बहुतेक खारं. असं पाणी वाफेच्या इंजिनात घातलं की बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर चढतो. थर उष्णता अडवतो, नळीचं लोखंड जास्त तापतं आणि सांधे गळू लागतात. त्याहून वाईट म्हणजे फेस. पाणी उकळताना फेसाळलं की पातळी दाखवणाऱ्या काचनळीत ती चढलेली दिसते, प्रत्यक्षात पाणी कमीच असतं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, झटक्यात उघडला, तर वाफेबरोबर पाणीही सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. एक उपाय असा: बॉयलरच्या तळाचं क्षारयुक्त पाणी अधूनमधून सोडून द्यायचं. म्हणजे जिथे थेंब मोलाचा, तिथेच पाणी आणखी जास्त लागणार!

भरीला, तेव्हा दोन्ही टोकांना गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, वेगळं. हा मार्ग 1,435 मिलिमीटरचा आणि पुढे दोन्हीकडे 1,067, म्हणजे उतरा आणि गाडी बदला. सिडनी ते पर्थ सलग एका गेजवर जायला 1970 उजाडलं. पाण्याचा प्रश्न मात्र 1951 पासून डिझेल इंजिनं आली तसा सुटत गेला.

ऊल्डीला मात्र पाणी होतं. वाळूखालच्या चिकणमातीच्या थरावर ते साठायचं आणि तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगत आले होते. रेल्वेने तिथे विहिरी आणि बोअर घेऊन उपसा सुरू केला. असा थर म्हणजे परातीचा तळ. भोक पडलं की वरचं गोडं पाणी खाली जातं. 1926 मध्ये रेल्वेने तिथून पाणी घेणं थांबवलं. तोवर ऊल्डीचा झरा पूर्वीसारखा उरला नव्हता.