पालवी दाट व्हायच्या आत

परवा व्हिडिओ कॉलवर आईचं लक्ष माझ्या कपाटाकडे गेलं. "अगं, ते भिंतीकडे तोंड करून काय उभं केलंयस? शिक्षा केलीस का त्याला?" शिक्षा नाही, ओलं चित्र आहे. तीन आठवडे झाले, अजून ओलंच आहे.

पुण्यात असताना मी जलरंगात लँडस्केप करायचे. रविवारी सकाळी मंडईच्या कडेला बसायचं, अमृततुल्यचा दुसरा चहा येईपर्यंत चित्र सुकूनही जायचं. लंडनला आल्यावर तैलरंगाच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं आणि हात उलटा फिरवायला शिकावं लागलं. जलरंगात कागदाचा पांढरेपणा जपत फिक्याकडून गडदाकडे जातात. इथे गडद आधी, आणि लखलखीत उजेड सगळ्यात शेवटी. पहिलं वर्षभर मी सवयीनं पांढरं राखत बसले आणि सगळी चित्रं पिठूळ झाली.

खरी पंचाईत मात्र वेगळीच आहे. तेल सुकायला वेळ घेतं, आणि इथला वसंत थांबत नाही. आपल्याकडे काटेसावर जशी पानांआधी फुलते तसा इथला मॅग्नोलिया मार्चमध्ये नागड्या फांद्यांवर फुलतो आणि एका पावसात फुटपाथवर येतो. मग एप्रिलच्या मध्यावर झाडांना पालवी फुटते. तेव्हा सात-आठ दिवस असे मिळतात की झाड हिरवंही असतं आणि त्याच्या आरपार घरंही दिसतात. मला शहर रंगवायचं असतं ते त्या दिवसांतलं. पुढे पानं दाट झाली की रस्ता म्हणजे दोन हिरव्या भिंती. त्यात रंगवण्यासारखं फारसं उरत नाही, असं माझं मत.

हे मत माझ्या आधी फ्रेंच चित्रकार कामील पिसारोचं असावं. फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे 1870 मध्ये घर सोडून तो दक्षिण लंडनला आला. मागे राहिलेल्या घरात प्रशियन सैनिक घुसले आणि त्याची बरीचशी चित्रं नष्ट झाली. 1871 च्या वसंतात त्यानं सिडनममधला एक रुंद रस्ता रंगवला: दोन्हीकडे नुकती पालवलेली झाडं, टोकाला सेंट बार्थोलोम्यू चर्च, वर पांढऱ्या ढगांचं आकाश. हे चित्र ट्राफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत आहे, तिकीट लागत नाही. रुंदी 73 सेंटिमीटर, म्हणजे दोन हातांत मावेल एवढंच. जवळ गेलात तर डाव्या फुटपाथवर एका बाईची पुसट आकृती जाणवते. पिसारोनं ती आधी काढली आणि मग वरून रंग फिरवून मिटवली. चालत येणारी बाई काढली की नजर तिच्यापाशीच थांबते, चर्चपर्यंत पोचत नाही. त्यानं ती त्यासाठीच मिटवली असेल, असं मला वाटतं.

तो रस्ता आज लॉरी पार्क अ‍ॅव्हेन्यू. चर्च अजून तिथेच आहे. मी एका शनिवारी सकाळी हातमोजे घालून तिथे पोचले. चैत्र म्हणायचा आणि नाकातून पाणी!

फळी लहान घेते, दहा बाय बारा इंचांची. तिला घरीच बर्न्ट सिएनाचा पातळ हात दिलेला असतो. लंडनचा उजेड निळसर-करडा असतो. खालचा विटकरी रंग फटींतून डोकावला की चित्राला ऊब येते. डोळे किलकिले करून तीनच गोष्टी बघायच्या: सगळ्यात गडद काय, सगळ्यात उजळ काय, बाकीचं मधलं. मग पहिल्या दहा मिनिटांत रस्त्यावरच्या फांद्यांच्या सावल्या मांडायच्या आणि नंतर त्यांच्याकडे बघायचंही नाही. तासाभरात त्या पलीकडच्या फुटपाथवर जातात. त्यांच्या मागे धावलं की चित्रात दोन सूर्य उगवतात.

ट्यूबमधला हिरवा मी घेतच नाही. लेमन यलोमध्ये सुरीच्या टोकावर मावेल एवढा अल्ट्रामरीन निळा घातला की पोपटी हिरवा होतो, पण तो प्लास्टिकच्या तोरणासारखा दिसतो. त्यात अ‍ॅलिझरिन या गर्द लाल रंगाचा कण टाकला की तो वठणीवर येतो. शिवाय कोवळं पान हिरवं असतंच कुठे? आपल्या पिंपळाची पालवी तांबूस, इथल्या ओकची पिवळट-तपकिरी, आणि लंडनभर लावलेल्या प्लेन नावाच्या झाडांच्या पानांवर सुरुवातीला इतकी लव असते की झाड धुळकट खाकी वाटतं. दूरच्या डहाळ्या तर चक्क जांभळ्या. त्या एकेक काढायच्या नाहीत. कोरड्या ब्रशनं जांभळट करडा धूर फिरवायचा, आणि आकाशाचे चार-पाच तुकडे शेवटी त्यात वरून बसवायचे. त्या तुकड्यांनी झाडात हवा येते.

मंडईत मागे दहा माणसं उभी असायची. "मॅडम, हातगाडी राहिली की!" इथे दोन तासांत कोणी ढुंकून बघितलं नाही. बघणं असभ्य समजतात. शेवटी एक म्हातारेबुवा कुत्र्यासकट थांबले, हवेबद्दल तक्रार केली आणि गेले. मी हौसेनं त्यांना फुटपाथवर रंगवलं. घरी येऊन पाहिलं तर नजर त्यांच्यापाशीच अडकत होती. सुरीनं खरवडून काढले. कुत्र्याची शेपटी पुरती गेलेली नाही.

परतताना बसमध्ये फळी मांडीवर आडवी धरली होती. ब्रेक लागला आणि माझ्याच कोटाच्या बाहीवर सिडनमचं आकाश उमटलं. आता ओल्या चित्रासाठी खाचा असलेली लाकडी पेटी घेतली आहे. ही अक्कल आधी यायला हवी होती.

घरभर वास असतो तो जवसाच्या तेलाचा. हो, आपल्या चटणीच्याच जवसाचं. नवऱ्याला तो आवडत नाही. मला त्यात आजीचं फडताळ आठवतं. त्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून केराच्या डब्यात टाकायच्या नाहीत. सुकताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, तापतं, आणि बोळा आपोआप पेटू शकतो. नवऱ्याच्या जुन्या बनियनच्या चिंध्या आमच्याकडे बाल्कनीत, पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात पडलेल्या असतात.

आठ दिवसांनी चित्र पुरं करायला म्हणून पुन्हा गेले. झाडं भरली होती, चर्चचा मनोरा अर्धा झाकला होता. पेटी न उघडताच परत आले.

काल कडेला बोट लावून पाहिलं. मातकट रंग लवकर सुकतात, त्यामुळे रस्ता आणि खोडं घट्ट झाली आहेत. टायटॅनियम पांढरा आळशी. आकाश अजून बोटाला लागतं.