झोपणारे आणि पळणारे

वॉशिंग मशीन खडखडायला लागलं की आमच्याकडे मेकॅनिकला फोन करत नाहीत, आधी नातवाच्या चड्डीचे खिसे आठवतात. परवा निघालेला ऐवज असा: सात चिंचोके, सोड्याच्या बाटलीचं वाकडं बूच, एक बटण (माझ्याच शर्टाचं) आणि एक खडा. खडा मी खिडकीतून भिरकावणार, तेवढ्यात साहेब धावत आले. "आबा, टाकू नकोस! तो पाण्यात काळा होतो."

होत होता खरा. कोरडा असताना राखाडी, वाटीत बुडवला की काळा कुळकुळीत, आणि पोटावर एक पांढरी रेघ उमटायची. काळ्या दगडाच्या या मुलखात सगळं आयुष्य गेलं, पण एखादा दगड भिजवून बघावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

सूनबाईंच्या मते हा सगळा कचरा. तडजोड म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. मी जन्मभर बँकेत नोटा लावलेला माणूस. एका दुपारी बसून बटणं बटणांत, बुचं बुचांत असं नीट लावून दिलं. त्याने ते बघितलं आणि डबा सरळ जमिनीवर पालथा केला. मग त्याची मांडणी सुरू झाली. बूच, बटण, पिंपळाचं वाळकं पान हे 'झोपणारे'. रिठा, गोटी, सागरगोटा हे 'पळणारे'. चिंचोक्यापाशी गाडी अडली. फरशीवर ढकलून बघितला, तर थोडा पळाला आणि झोपला. त्याच्यासाठी तिसरा ढीग झाला. माझ्या ढिगांमध्ये इतका विचार नव्हता.

मोजणीही अशीच. पाच चिंचोके त्याच्यापुढे, पाच माझ्यापुढे. मी माझे जरा लांब-लांब मांडले. "तुझे जास्त." मोज म्हटलं. बोट ठेवून दोन्ही ओळी मोजल्या, पाच आणि पाच. "पाचच आहेत. पण तुझे जास्त." पियाजे नावाच्या स्विस अभ्यासकाने मुलांपुढे अशाच ओळी मांडून हेच ऐकलं होतं. वाद घालण्यात अर्थ नसतो. हातांनी पुष्कळ वेळा मांडून-मोडून झालं की एक दिवस ते आपोआप सुटतं.

त्याच्या वाढदिवसाला कुणीतरी लाकडी शैक्षणिक खेळ दिला, महागाचा. खोकं छान होतं, त्यात आता शिंपले असतात. मला ताराबाई मोडक आठवतात. 1945 साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला. मॉन्टेसरीची गुळगुळीत साधनं खेड्याला परवडणार कुठून? मग खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आज गावोगावी 'अंगणवाडी' म्हणताना त्यातलं अंगण कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक गोष्ट मात्र डब्यात जाऊ दिलेली नाही: आईच्या वेळच्या गुंजा. सोनार आठ गुंजांचा मासा धरत, ती ही गुंज. दिसायला लालचुटूक, पण चावली गेली तर जीवघेणी. त्या बाटलीत बंद, माझ्या कपाटात. आणि धाकटी रांगत असेपर्यंत डबाही वरच्या फळीवर, कारण तिचं सगळं संशोधन तोंडाने चालतं.

रविवारी चार चिंचोके फरशीवर घासून एका बाजूने पांढरे केले आणि खडूने चल्लस आठचा पट आखला. जितके पांढरे वर, तितकी घरं. चारही पांढरे, तर चार. त्याने फेकले, चारही तपकिरी पडले.

"आठ!" मी ओरडलो.

त्याने चिंचोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकपण पांढरा नाही, मग आठ कसे?"

साठ वर्षं खेळतोय हा खेळ. आईला मी हे कधी विचारलं नाही. "मला नाही माहीत रे," म्हणालो. त्याने सोंगटी निमूटपणे आठ घरं पुढे नेली आणि चारही चिंचोके खिशात टाकले.